कानाने शिकलेली जपानी

जपानी शिकायला लागलं की पहिले सहा महिने फार मजेत जातात. हिरागाना आणि काताकाना मिळून शंभरेक अक्षरं, आणि त्यांची मांडणी बघून तर मराठी माणूस खूशच होतो. अ, इ, उ, ए, ओ... मग का, कि, कु... अगदी आपल्या बाराखडीसारखं! (ही मांडणी बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरूनच घेतलेली आहे.) क्रियापद वाक्याच्या शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. वाटतं, अरे, ही तर आपलीच कुणी दूरची मावशी. आणि मग येतात कांजी. जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या यादीतच २,१३६ चित्राक्षरं आहेत, आणि बहुतेकांचे उच्चार दोन-दोन, तीन-तीन. पुण्यात जपानी शिकणारे हजारोंनी भेटतील, पण त्यातले बरेचजण या डोंगराच्या पायथ्याशीच तंबू ठोकून बसलेले असतात. मीही त्यातलाच एक.

म्हणूनच वासिली येरोशेंकोची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी चाटच पडलो. हा माणूस १९१४ साली जपानला गेला आणि दोन वर्षांच्या आत त्याच्या जपानीतल्या गोष्टी टोकियोच्या मासिकांत छापून यायला लागल्या. पुढे १९२१ आणि १९२४ या वर्षांत मिळून त्याची तीन जपानी पुस्तकं निघाली. आणि या माणसाने आयुष्यात एकही कांजी पाहिलेली नव्हती. तो आंधळा होता.

येरोशेंकोचा जन्म जानेवारी १८९० चा. गाव ओबुखोव्का, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या कुर्स्क प्रांतातलं. गावात वस्ती बरीचशी युक्रेनी. घर खात्यापित्या शेतकऱ्याचं. चार वर्षांचा असताना गोवर झाला आणि त्यात दृष्टी गेली. आपल्याला पाहिलेल्या चारच गोष्टी आठवतात, असं त्याने पुढे सांगून ठेवलंय : आकाश, कबुतरं, ती कबुतरं जिथे राहायची ते चर्च आणि आईचा चेहरा. बस्स. आपल्यासारख्यांच्या डोक्यात चित्रांची अडगळ साठलेली असते. याच्याकडे जन्मभर पुरवायला चारच चित्रं होती.

नवव्या वर्षी त्याला मॉस्कोच्या अंधशाळेत घातलं. तिथून बाहेर पडल्यावर तो अंधांच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. त्याच सुमारास त्याला एस्पेरांतोची गोडी लागली. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : एस्पेरांतो ही डॉ. झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८८७ साली मांडलेली कृत्रिम भाषा. सगळ्या जगाची दुसरी भाषा व्हावी म्हणून बनवलेली.) आज आपण तिच्याकडे एक गोड वेडेपणा म्हणून बघतो, पण त्या काळी तिच्या जोरावर माणूस जग फिरू शकत होता. गावोगावचे एस्पेरांतिस्त एकमेकांना स्टेशनवर घ्यायला जायचे, घरी ठेवून घ्यायचे, पुढच्या गाडीत बसवून द्यायचे. येरोशेंको १९१२ साली असाच, एका हातातून दुसऱ्या हातात जात, एकटा लंडनला पोचला. आणि तिथून परतल्यावर दोनेक वर्षांत जपानला.

जपानच का? कारण अगदी व्यवहारातलं होतं. जपानमध्ये आंधळी माणसं मालिश आणि सुयांचे उपचार शिकून स्वतःच्या पायावर उभी राहतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. ते खरंही होतं. तिथे हा शेकडो वर्षांपासून अंधांचा मानाचा व्यवसाय होता. त्याआधी बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवत युद्धकथा गाणारे अंध गायकही तिथे होतेच. म्हणजे आंधळ्या माणसाने काहीतरी करून दाखवणं ही तिथे बातमी नव्हती, रीत होती. येरोशेंकोने टोकियोच्या अंधशाळेत प्रवेश घेतला. तो मालिश शिकला आणि एस्पेरांतो शिकवू लागला. आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात त्याने जपानी उचलली.

आता गंमत बघा. जपानी ब्रेल लिपी टोकियोतल्या एका शिक्षकाने, इशिकावा कुराजीने, तयार केली आणि तिला मान्यता मिळाली १८९० साली. म्हणजे येरोशेंको आणि जपानी ब्रेल एकाच वयाचे! या ब्रेलमध्ये कांजी नव्हत्याच. नुसते काना, म्हणजे नुसते उच्चार. ज्या डोंगरापाशी आम्ही डोळस लोक बसकण मारतो तो डोंगर याच्या वाटेत आलाच नाही. त्याला भेटली ती बोललेली जपानी. बाजारातली, वर्गातली, चहाच्या टेबलावरची. गोष्ट त्याच्या मनात जुळून आली की तो तोंडाने सांगायचा आणि मित्र कागदावर उतरवून घ्यायचे. नाटककार आकिता उजाकू हा त्यातला सगळ्यात जवळचा.

याला "लिहिणं" म्हणायचं का, असा प्रश्न कुणाला पडेल. मला तो पडत नाही, कारण आमच्या आजोबांची शेवटची सहा वर्षं मी पाहिली आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. मावशी त्यांची पत्रं लिहून घ्यायची. मावशीने एखादा शब्द स्वतःच्या मनाने बदलला की वाचून दाखवताना आजोबा बरोबर तिथेच तिला थांबवायचे. "मी 'आलो' म्हटलं होतं, 'पोचलो' नव्हे." अक्षर मावशीचं, पण पत्र शंभर टक्के आजोबांचं. भाषा डोळ्यांत राहत नाही. आपण शाळेत शिकतो म्हणून आपल्याला तसं वाटतं, एवढंच.

आणि लिपीशिवाय भाषा गाठलेला परका कवी आपल्याकडेही होऊन गेलाय की! फादर स्टीफन्स. जन्म इंग्लंडातला, १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. अस्सल मराठी ओव्या, पण छापल्या होत्या रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. मराठीचं मनापासून कौतुक करणारा इतका मोठा परदेशी कवी दुसरा नाही, आणि त्याचा मूळ ग्रंथ देवनागरीत छापलेलाच नव्हता. फरक एकच. स्टीफन्स धर्म सांगायला आले आणि त्यासाठी मराठीत शिरले. येरोशेंकोकडे पदरात सांगायला काही नव्हतं. तो मालिश शिकायला आला होता. भाषा येत गेली तसतसं त्याला काय म्हणायचंय ते सापडत गेलं.

टोकियोतल्या त्याच्या घराची कथा तर आपल्या फारच जवळची आहे. शिंजुकूला नाकामुराया नावाची बेकरी होती (अजूनही आहे). मालक सोमा आइझो आणि त्यांची बायको कोक्को. पाव विकणारं हे जोडपं चित्रकार, शिल्पकार, लेखक, बंडखोर अशा सगळ्यांना आसरा द्यायचं. १९१५ च्या शेवटी ब्रिटिशांच्या दबावाखाली जपान सरकारने ज्या भारतीय क्रांतिकारकाला देशाबाहेर काढायचा हुकूम काढला, त्याला याच बेकरीच्या मागच्या चित्रशाळेत काही महिने लपवून ठेवलं गेलं. हो, तेच. रासबिहारी बोस. पुढे १९१८ साली त्यांनी सोमांच्या थोरल्या मुलीशी, तोशिकोशी, लग्न केलं. आणि काही वर्षांनी त्याच चित्रशाळेत राहायला आला येरोशेंको. एका छपराखाली आधी बंगाली बॉम्बवाला आणि मग रशियन गोष्टीवेल्हाळ! १९२७ साली नाकामुरायाने खाणावळ काढली तेव्हा दोन पदार्थ नव्याने आले : रासबिहारींची भारतीय करी आणि येरोशेंकोच्या आठवणीतलं बोर्श्त सूप. येरोशेंको नेहमी अंगात घालायचा तो रशियन झगा, रुबाश्का, दुकानातल्या नोकरांचा गणवेश झाला. पण सूप उकळायला लागलं तोवर येरोशेंकोला जपानबाहेर काढून सहा वर्षं झाली होती.

ते कसं झालं ते सांगतो.

१९१६ साली तो पहिल्यांदा जपान सोडून सयाममार्गे ब्रह्मदेशात गेला. तिथे मौलमीनच्या अंधशाळेत त्याने शिकवलं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत. १९१७ ची क्रांती झाल्यावर तो रशियाला परतायच्या खटपटीत कलकत्त्याला आला. पण रशियन माणूस, त्यातून एकटा हिंडणारा. इंग्रजांना तो बोल्शेविक वाटला. त्याच्यावर पाळत बसली आणि १९१९ मध्ये त्याची हकालपट्टी झाली. तो पुन्हा जपानला आला तेव्हा एका साम्राज्याने हाकललेला माणूस होता, आणि त्याच्या गोष्टींचा सूर बदलला होता.

'अरुंद पिंजरा' ही त्याची गोष्ट याच हिंदुस्थानवारीतून आलेली. पिंजऱ्यातला एक वाघ. बघ्यांचे चेहरे आणि हसणं यांनी कंटाळलेला. त्याला स्वप्न पडतं की आपण मोकळे आहोत. वाटेत मेंढ्यांचं कुंपण दिसतं, तो ते मोडतो. मेंढ्या बाहेर येतच नाहीत, उलट आणखी आत दाटीवाटीने उभ्या राहतात. पुढे राजाचा जनानखाना लागतो. राजा मरतो आणि तरुण राणीला सती घालायला नेतात. वाघाला कळत जातं की माणसांभोवतीही पिंजरा आहे. तो दिसत नाही, एवढंच. डोळे उघडतात तेव्हा वाघ पुन्हा आपल्या पिंजऱ्यात असतो.

ही गोष्ट चिनी भाषेत नेली ती लू शुनने. लू शुन म्हणजे आधुनिक चिनी साहित्याचा आद्य पुरुषच, आणि तोही तरुणपणी जपानमध्ये शिकलेला. भाषांतराच्या टिपणात त्याने एक झोंबणारं विधान केलंय. त्याचा आशय असा की दुसऱ्या देशातल्या सतीच्या चालीवर तुटून पडणारा हा पोरकट रशियन आंधळा मला आवडतो. आपल्याच देशातल्या सतीचे गोडवे गाणाऱ्या नोबेलविजेत्या भारतीय कवीपेक्षा कितीतरी जास्त.

रवींद्रनाथांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं. चितेवरून जिवंत परतलेल्या मुलीची 'महामाया' ही कथा त्यांचीच आहे. पण लू शुनचा टोला टागोरांच्या डोक्यावरून जाऊन माझ्या अंगणात पडला, त्याचं काय करायचं? कारण 'स्वामी' वाचताना आपण सगळेच रडलेलो आहोत. नोव्हेंबर १७७२, थेऊर, माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. आमच्या घरात ते पान तीन पिढ्यांनी डोळे पुसत वाचलंय. थेऊरला चिंतामणीचं दर्शन झालं की नदीकाठच्या त्यांच्या वृंदावनाला हात जोडून यायची आमच्याकडे पद्धतच आहे. ते रडू खोटं नाही. रमाबाईंवरची माया खोटी नाही. पण ज्याला ती सजवलेली मिरवणूक दिसूच शकत नव्हती, हिरवा चुडा नाही, मळवट नाही, चंदनाची रास नाही, त्याच्यापाशी त्या सगळ्यातून काय पोचणार? फक्त जळणारी बाई. लू शुनने या आंधळ्याला पोरकट म्हटलं ते कौतुकाने. राजाच्या अंगावर कपडे नाहीत हे सांगायलाही पोरच लागलं होतं. मला या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही. पण 'स्वामी'चं शेवटचं प्रकरण मी आता पूर्वीसारखं वाचू शकत नाही, एवढं खरं.

तर टोकियो. १९२० च्या सप्टेंबरात चित्रकार त्सुरुता गोरो याला मेजिरो स्टेशनवर येरोशेंको दिसला. कुरळे सोनेरी केस, मिटलेले डोळे. त्याने विचारलं, "माझ्या चित्रासाठी बसाल का?" आणि तो त्याला मित्राच्या, नाकामुरा त्सुनेच्या, चित्रशाळेत घेऊन गेला. दोघांनी समोरासमोर एकाच वेळी त्याची चित्रं काढली. नाकामुरा क्षयाने खंगलेला होता. (आणि हाच तो चित्रकार ज्याचं पूर्वी सोमांच्या तोशिकोवर प्रेम होतं. घरच्यांनी ते होऊ दिलं नाही.) आठेक दिवस तो थोडंथोडं रंगवत राहिला आणि त्यातून झालेलं चित्र आज टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. देशाची महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून ते जाहीर झालेलं आहे. मरणाच्या वाटेवरचा चित्रकार आणि स्वतःचं चित्र कधीच न पाहू शकणारा माणूस. नाकामुरा १९२४ साली गेला.

या चित्रानंतर वर्ष भरायच्या आत पोलीस आले. येरोशेंको समाजवाद्यांच्या सभांना जायचा, बोलायचा. १९२१ च्या मे दिनाच्या मिरवणुकीत तो होता. महिनाअखेरीस देश सोडण्याचा हुकूम निघाला. पोलिसांचा जथा बेकरीत शिरला आणि त्याला ओढून घेऊन गेला. सोमा आइझो साधा पाववाला, पण तो या घुसखोरीविरुद्ध कायदेशीर भांडला. शेवटी त्या ठाण्याच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. येरोशेंकोचा मित्र, लेखक एगुची कान याने लिहिलंय की हा खरंच आंधळा आहे की सोंग करतोय हे बघायला पोलिसांनी त्याचे डोळे जबरदस्तीने उघडायचा प्रयत्न केला. जूनच्या सुरुवातीला त्सुरुगा बंदरातून त्याला व्लादिवोस्तोकच्या जहाजात बसवून दिलं.

आणि जुलैमध्ये, तो गेल्यानंतर महिन्याभरात, टोकियोत त्याचं पहिलं जपानी पुस्तक प्रकाशित झालं. 'पहाटेपूर्वीचं गाणं'. संपादक आकिता उजाकू. डिसेंबरमध्ये दुसरं आलं, 'शेवटचा उसासा'. माणूस हद्दपार आणि त्याचा आवाज दुकानांत विकायला! सरकारला बोटीत बसवता येतो तो देह. लोकांनी ऐकून, उतरवून, घरात ठेवलेली भाषा कशी बसवणार?

लू शुननेही त्याच्याकडे लक्ष दिलं ते या हद्दपारीची बातमी वाचून. १९२२ च्या फेब्रुवारीत येरोशेंको पेकिंगला आला. विद्यापीठाच्या कुलगुरूंनी, त्साय युआनपेइंनी, त्याला एस्पेरांतो शिकवायला बोलावलं होतं. राहायला लू शुन आणि त्याच्या भावाच्या वाड्यात. भावाची बायको जपानी, दोघे भाऊ उत्तम जपानी बोलणारे. म्हणजे पेकिंगच्या त्या वाड्यात एक रशियन आणि दोन चिनी आपसात बोलत होते जपानीत! लू शुनने त्याच्यावर 'बदकांची विनोदिका' नावाची छोटी कथा लिहिली आहे. ब्रह्मदेशात रात्री किती आवाज असायचे, इथे वाळवंटासारखं सुनंसुनं आहे, अशी या पाहुण्याची तक्रार. म्हणून तो बेडकांचं गाणं ऐकायला मिळावं यासाठी डबक्यात बेडकांची पिल्लं सोडतो. मग कौतुकाने बदकाची पिल्लंही विकत घेतो, आणि बदकं ती पिल्लं गिळून टाकतात. कथेत मोठं काही घडत नाही. पण ज्याच्यासाठी आवाज हेच जग होतं, त्याचं एकटेपण त्या डबक्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे मला वाचायला मिळालेलं नाही.

१९२३ च्या वसंतात तो पेकिंगहून निघाला, आणि पुढे रशियात. त्याचं तिसरं जपानी पुस्तक, 'मानवजातीसाठी', टोकियोत १९२४ साली आलं. त्यानंतर जपानी लेखक म्हणून त्याची कहाणी संपल्यातच जमा आहे. वय चौतीस. मॉस्कोत त्याने आशियाई विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात जपानीचा दुभाषी म्हणून काम केलं. १९२९-३० मध्ये तो पार चुकोत्काला गेला, भावाकडे. कुत्र्यांच्या घसरगाडीतून बर्फात हिंडला आणि तिथली अंध माणसं कशी जगतात ते समजून घेतलं. आणि मग १९३० च्या दशकाच्या मध्यापासून दहाएक वर्षं तुर्कमेनिस्तानात. सोव्हिएत संघाच्या दक्षिण टोकाला, अफगाण सीमेजवळच्या कुश्का भागात, त्याने अंध मुलांची शाळा चालवली. तुर्कमेन भाषेला ब्रेल नव्हती, ती त्याने तयार केली. १९३७-३८ च्या दमनसत्रात सोव्हिएत एस्पेरांतिस्तांना वेचून वेचून पकडलं गेलं, त्या वावटळीतून हा वाचला. १९५२ च्या डिसेंबरात त्याच्या जन्मगावीच कर्करोगाने तो गेला.

परक्या भाषेत लिहिणाऱ्यांबद्दल आपण बोलतो तेव्हा "त्याने केवढी भाषा कमावली" असं म्हणतो. येरोशेंकोबद्दल वाचताना मला सारखा उलटा हिशोब दिसतो. भाषा गमावणं म्हणजे काय? व्याकरण काही तो विसरला नसणार. गेली ती माणसं. ऐकणारा आकिता, उतरवून घेणारे मित्र, टेबलापलीकडून हसणाऱ्या कोक्कोबाई. तोंडी लिहिणाऱ्याची भाषा ही समोरच्या कानात राहते. तो कान काढून घेतला की शब्द असूनही लेखक मुका. डोळस लेखक निदान कागद घेऊन हद्दपार होतो.

पण त्याने कुश्काला जाऊन जे केलं ते मला त्याच्या तीन पुस्तकांइतकंच महत्त्वाचं वाटतं. स्वतःला ऐकणारे उरले नाहीत, तेव्हा त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी भाषेला ठिपके दिले. त्याच्या जन्माच्या वर्षी टोकियोतल्या एका शिक्षकाने जपानीसाठी केलं होतं, तेच. मेंढ्या कुंपणाबाहेर येत नाहीत हे त्यानेच लिहिलं होतं. तरी तो कुंपणं मोडत राहिला.

त्याच्या गोष्टी २०२३ साली अ‍ॅडम कुप्लोव्स्की यांच्या इंग्रजी भाषांतरात आल्या आहेत. पुस्तकाचं नाव त्याच वाघाच्या पिंजऱ्यावरून ठेवलेलं. मिळालं तर जरूर वाचा. आणि घरात कुणाची नजर अधू झाली असेल तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्या गोष्टी मुळात सांगितलेल्या आहेत, आणि तशाच जास्त चांगल्या लागतात.